राखण

बाहेर निघालेल्या माणसाला आमच्या किनारपट्टीच्या गावांत एक प्रश्न हमखास विचारायचे, "घरी कोण आहे?" कुलूप लावलंस का, असं विचारणारा विरळा. घरी म्हातारी आहे, सून आहे, निदान ओट्यावर शेजारचा म्हातारा बसलाय, एवढं कळलं की विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं. तारापूर, चिंचणी, बोईसर, पालघर या टापूत घर राखायच्या तऱ्हा कशा बदलत गेल्या, ते या एका प्रश्नाच्या मागं गेलं की नीट कळतं.

जुन्या घरांचं दार बघा. दोन जाड फळ्या आणि मागं अडसर. अडसर म्हणजे भिंतीतल्या भोकात दिवसभर ढकलून ठेवलेला लाकडी दांडा. रात्री तो ओढायचा आणि दाराआडून समोरच्या भिंतीतल्या खोबणीत सरकवायचा. बाहेरून कितीही धक्के मारा, दार हलत नाही. पण या अडसराची एक गोष्ट आजच्या पोरांना सांगावी लागते. तो फक्त आतून लागतो. घरात माणूस असेल तरच घर बंद होणार. रिकामं घर बंद करायची सोय त्या दारात नव्हती, कारण तशी वेळच सहसा येत नसे. कुलूप बाहेरून लागतं. म्हणून मला वाटतं, आमच्याकडचा कुलपाचा इतिहास हा रिकाम्या होत गेलेल्या घरांचा इतिहास आहे.

त्याआधी भीती नव्हती असं मात्र नाही. तेव्हाची भीती एका घरापुरती नसे, अख्ख्या गावाची असे. पोर्तुगीजांच्या ताब्यात वसई गेली 1534 साली. पुढं त्यांनी केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी किनाऱ्यानं किल्ल्यांची ओळच उभी केली. तरी दमणच्या आसपासच्या गावांना धाड पडू नये म्हणून हेच पोर्तुगीज रामनगरच्या कोळी राजाला चौथ भरत. चौथ म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा. ज्याच्याकडून लुटीची धास्ती, त्यालाच पैसे देऊन राखण करून घ्यायची. 1672 मध्ये जव्हार आणि रामनगर शिवाजी महाराजांच्या फौजेनं घेतल्यावर या चौथाईवर महाराजांनी हक्क सांगितला. 1739 च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तारापूर पडलं, मे महिन्यात वसई. किल्ल्यांचं काम संपलं आणि तटाच्या आत माडांच्या वाड्या झाल्या.

देशावर गावाला वेस असते, रात्री ती बंद व्हायची. वेसकर, रामोशी, जागल्या ही राखणीची माणसं. चोरी झाली की रामोशानं चोराचा माग काढायचा आणि तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवायचा. तिथून पुढची जबाबदारी त्या गावाची. माग जिथं थांबेल त्या गावानं भरपाई द्यावी, असा रिवाज होता. आमच्या कोकणपट्टीत वाड्या पसरलेल्या, वेस कुठली? इथं शिवेवर वाघदेव. वारली पाड्यांत वाघबारशीला त्याची पूजा होते. त्यानं वाघ थोपवायचा, माणसाकडं माणसानं बघायचं.

या जुन्या राखणदारांचं शिक्षण काय? कुणाचा जावई कुठला, भांडी विकायला येणारा कोण, मीठ घेऊन येणारा कोण, नंदीबैलवाला कोणत्या महिन्यात येतो, हे त्यांना तोंडपाठ. रात्री रस्त्यानं कुणी गेलं तर "कोण तो?" अशी हाक यायची. उत्तरात नाव, गाव आणि कुणाकडं निघालाय ते सांगितलं की पुढं जायचं. त्या हाकेत धाक होता, तशी चौकशीही होती. ही व्यवस्था गोड मात्र नव्हती. राखणीचं काम खालच्या मानलेल्या जातींवर जन्मानं लादलेलं, मोबदला तुटपुंजा. 1958 च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली, हे बरंच झालं. वंशपरंपरेचा पाटीलही गेला आणि 1967 च्या ग्राम पोलीस कायद्यानं नेमणुकीचा पोलीस पाटील आला. गावात कोण नवा आलाय यावर नजर ठेवणं हे त्याचं काम राहिलं, पण तो एकटा. आधी अख्खी आळी त्याच्याबरोबर जागी असायची.

आता पाड्यावर चला. वारल्यांचं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या करून वर शेणमातीचा गिलावा. दार म्हणजे बांबूची ताटी. ती मांजराला आणि कोंबडीला अडवील, चोराला काय अडवणार? आत न्यायला होतं काय, तर भाताची कणगी आणि चार मडकी. पण या घरांत रात्री धसका नव्हता असं समजू नका. दारात यायचा तो सावकाराचा माणूस. "चल वेठीला," म्हणाला की उठायचं, घरात आजारी असो की बाळंतीण असो. वस्तू राहायच्या आणि माणूसच उचलून न्यायचे. 23 मे 1945 रोजी झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. त्या दिवसापासून त्या ताटीच्या दाराला खरा अडसर लागला, असं मी मानतो. गोदावरी परुळेकरांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे.

त्याच वर्षीची 10 ऑक्टोबरची रात्र तलवाड्याची. गोदूताईंच्या जिवाला धोका आहे, लोकांनी जमावं, असा निरोप पाड्यापाड्यांतून फिरला. निरोप खोटा होता. लोक हातात मिळेल ते घेऊन रात्रभर राखणीला बसले. दुसरीकडं पोलिसांना सांगितलं गेलं की आदिवासी हल्ला करायला जमलेत. गोळीबार झाला आणि पाच जण मेले. एक खोटी बातमी, रात्र आणि जागी असलेली घाबरी माणसं. या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते आमच्या मुलखानं तेव्हाच पाहिलं होतं.

मग आलं अणुवीज केंद्र. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची वीज 28 ऑक्टोबर 1969 पासून रीतसर सुरू झाली. पाठोपाठ बोईसरला एमआयडीसी. दहा-पंधरा वर्षांत भाताच्या खाचरांच्या जागी कारखाने, चाळी आणि बाजार उभे राहिले. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. घर जाण्याची भीती दर वेळी चोराचीच असते असं नाही, ते तिथल्या लोकांना विचारावं.

एकाच बोईसरात आता राखणीच्या तीन तऱ्हा नांदू लागल्या. एक अणुकेंद्राची वसाहत. फाटक, पहारा, आत जाताना वहीत नाव, गाव, कुणाकडं काम. तिथली मंडळी रात्री खिडक्या उघड्या टाकून झोपत. दुसरी कामगारांच्या चाळी. दहा बाय दहाची खोली, पत्र्याचं दार, भाडेकरू उत्तर प्रदेशाचा, बिहारचा, ओडिशाचा, जळगावचा. बाहेरच्याला वाटतं, इथं चोरांचं फावत असेल. पण तीन पाळ्या चालतात, त्यामुळं चाळ कधीच पूर्ण झोपत नाही. एक जण रात्रपाळीहून येऊन दात घासत असतो तेव्हा दुसरा डबा भरून निघालेला असतो. चाळीला धास्ती दोन वेळची. नवरा-बायको दोघं कामावर असतात ती दुपार, आणि छटपूजेला किंवा मे महिन्यात सगळी गावाला जातात ते दिवस. तिसरी तऱ्हा नव्या इमारतींची. खाली वॉचमन, वर कॅमेरे, आणि समोरच्या दाराआड कोण राहतो ते ठाऊक नाही. कॅमेरा येणाऱ्याचं तोंड दाखवतो, तो कुणाचा कोण ते सांगत नाही. जुना जागल्या नेमकं तेवढंच सांगायचा.

कुलूप आलं ते या काळात घरोघर. तसं ते जुनंच. आर्देशीर गोदरेजांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला 1897 साली. पण आमच्या गावांत कुलूप आधी दुकानाला आणि पेटीला. दाराला ते लागलं ते पोरं बोईसरला नोकरीला लागली आणि सुनाही कामाला जाऊ लागल्या तेव्हा. कुलपाची गंमत अशी की घरफोडीत बहुतेकदा ते शाबूतच राहतं. बातमी वाचा, "दरवाजाचा कडीकोयंडा तोडून" हे शब्द ठरलेले. कुलूप दणकट आणि कोयंडा चार बारक्या स्क्रूंवर. पहारीच्या एका झटक्यात कुलपासकट हातात येतो. पाचशेचं कुलूप घेणारा माणूस कोयंडा मात्र वीस रुपयांचा बसवतो.

कायद्यानंही रात्रीला निराळं मानलंय. 1860 च्या दंड संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, तर चोरीच्या इराद्यानं रात्री केलेल्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत ती रात्र, अशी व्याख्याच दिली होती. रात्री घर फोडणाऱ्याला प्रतिकार करताना त्याचा जीव गेला तरी घरमालकाला बचावाचा हक्क दिला होता. पण त्याच कायद्यानं मर्यादाही घातली होती, की सरकारी यंत्रणेकडं धाव घेण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्क उरत नाही. दुसरं वाक्य लोकांना कुणी शिकवलं नाही.

त्याची किंमत 16 एप्रिल 2020 च्या रात्री कळली. टाळेबंदीचे दिवस. घरं सगळी भरलेली, कुलूप कुठंच नाही, म्हणजे आमच्या जुन्या हिशेबानं इतकं सुरक्षित कधीच नव्हतं. पण मोबाइलवरून आवई उठली होती की रात्री चोर फिरतात, मुलं पळवतात, अवयव काढून नेतात. गावोगाव तरुण काठ्या घेऊन गस्तीला बसले. सारणीजवळ मदतकार्य करणाऱ्या डॉक्टरच्या गाडीवर दोनच दिवस आधी हल्ला झाला होता. मग गडचिंचले. डहाणू तालुक्यातलं, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळचं गाव. जुना आखाड्याचे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक सुरतेकडं अंत्यविधीला निघालेले. हमरस्ते बंद म्हणून आडवाटेनं आले. वन खात्याच्या चौकीजवळ गाडी अडवली गेली. पोलीस आले, पोलिसांच्या देखत जमावानं तिघांना ठार मारलं. शंभरावर माणसं पकडली गेली, त्यांत अल्पवयीन पोरंही होती.

चोर सोडून संन्याशाला सूळ, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती शब्दशः खरी झालेली आमच्याच जिल्ह्यात पाहावी लागली. त्याआधी 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच आवईनं नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मारले गेले होते. भटक्यांवर संशय घ्यायची सवय फार जुनी. इंग्रजांनी 1871 मध्ये कितीतरी जमातींना कायद्यानंच गुन्हेगार ठरवलं, तो कायदा 1952 मध्ये गेला, पण नजर राहिली.

गडचिंचल्याच्या त्या रात्रीबद्दल लोक म्हणतात, "आदिवासी अडाणी, म्हणून असं झालं." मला ते पटत नाही. शिकलेल्यांच्या इमारतींतही अनोळखी फेरीवाल्याला चोर म्हणून बडवल्याचं आपण ऐकतो. फरक शिक्षणाचा नाही. "कोण तो?" या हाकेनंतर उत्तर ऐकून घ्यायला थांबणारं कुणी आहे की नाही, याचा आहे. जागल्या एकटा असे, त्याला उत्तर ऐकावंच लागे. दोनशे जणांच्या जमावाला उत्तर ऐकू येत नाही. आणि ज्याला मीठवाला, भिक्षेकरी, परगावचा पाहुणा यांतलं कुणीच ठाऊक नाही, त्याला रस्त्यावरचा प्रत्येक माणूस चोरच दिसणार. गस्त असावीच. पण गस्तीत गावचा पोलीस पाटील हवा, पोलिसांचा नंबर हवा, आणि पकडलेल्याच्या अंगाला हात लावायचा नाही हे आधी ठरलेलं हवं. एवढं नसेल तर त्या गस्तीपेक्षा चोर परवडला. तो भांडी नेईल. भांडी परत घेता येतात.

मोखाडा, जव्हार, विक्रमगडचे लोक दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बोईसर-भिवंडीच्या कामांवर जातात. त्याला त्यांचा शब्द "जगायला जाणं". पूर्वी पाड्यावर ताटीला काथ्याची गाठ मारून जात. आता घरकुलाची पक्की घरं झालीत, पत्र्याचं दार आहे, दाराला कुलूप आहे. किल्ली मात्र बरोबर नेत नाहीत. शेजारच्या घरी, खुंटीवर अडकवून जातात. बोईसरच्या चाळीतही गावाला निघालेला ओडिशाचा पोरगा तेच करतो. शेजारच्या जळगावच्या ताईंकडं किल्ली देतो आणि सांगतो, "ताई, पाणी आलं तर भरून ठेवा."