केवड्याची वंशावळ

भिलाई म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर १९५९ साली पेटलेली पहिली झोतभट्टी उभी राहते. परंतु त्या धुराड्यांच्या पलीकडे दुर्ग जिल्ह्याची भातखाचरे आहेत, आणि जिथे पाणी ठरत नाही अशा चढाच्या जमिनीत मूग-उडीद पेरला जातो. १९५६ पर्यंत या मुलखाचा कारभार नागपुरातून चाले. तेव्हा तेथील शेताची हकीकत आपल्याला परकी वाटू नये.

या पिकांचा मोठा वैरी म्हणजे पिवळा मोझॅक. आपल्याकडचा शेतकरी त्याला केवडा म्हणतो. (ज्वारीवरच्या बुरशीच्या एका रोगालाही तो हेच नाव देतो. नावे रंगावरून पडतात, कारणावरून नव्हे.) कोवळ्या पानावर पिवळे ठिपके उमटतात, ते एकमेकांत मिसळतात, आणि हिरवे शेत हळदीने माखल्यासारखे दिसू लागते. पेरणीनंतर पहिल्या काही आठवड्यांतच लागण झाली, तर शेंगा धरत नाहीत. धरल्या तर वाकड्या आणि पोचट. लहान शेतकऱ्याच्या घरची वर्षाची डाळ तिथेच संपते.

या रोगाचा शोध पुण्यापासून सुरू होतो. कपूर आणि वर्मा या संशोधकांनी १९४८ साली डबल बीच्या वेलावरील, आणि १९५० साली वालावरील पिवळ्या रोगाचे वर्णन केले. पुढे १९६० साली दिल्लीला नरियानी यांनी मुगावरील रोगाची नोंद केली. हा रोग पसरवते ती पांढरी माशी, जेमतेम एक मिलिमीटर लांबीची. ती रोगट पानाचा रस शोषते आणि विषाणू अंगात घेऊन निरोगी झाडावर जाऊन बसते. नुसता रस चोळून रोग सहसा लागत नसे, आणि म्हणून विषाणू हाती येण्यास विलंब लागला. थायलंडमधील विषाणू शुद्ध स्वरूपात मिळाल्याचे १९८३ साली प्रसिद्ध झाले.

त्यानंतर जे उलगडले ते विलक्षण आहे. या विषाणूचा आनुवंशिक ऐवज दोन वेगळ्या वर्तुळाकार तुकड्यांत साठवलेला असतो. शिवाय ज्याला आपण एक रोग समजत होतो, त्यामागे एकाहून अधिक विषाणू निघाले. वालावरचा तर निराळाच ठरला. मुगावरचे मुख्य दोन: एक प्रामुख्याने दक्षिणेत आणि पश्चिमेत आढळतो, दुसरा उत्तर, मध्य आणि पूर्व भारतात. छत्तीसगड या दुसऱ्याच्या टापूत येते. पण विषाणू सीमा पाळत नाहीत. एकाच झाडात दोघे शिरले, तर तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. तमिळनाडूतील उडदाच्या विषाणूत एका पहिल्या तुकड्याबरोबर अनेक प्रकारचे दुसरे तुकडे सापडले आहेत.

म्हणूनच एका जिल्ह्यात रोगाला दाद न देणारे वाण दुसऱ्या जिल्ह्यात पिवळे पडते, आणि दुकानदाराने फसवले असे शेतकऱ्याला वाटते. प्रत्यक्षात बियाणे तेच असते. शेतातला विषाणू मात्र निराळा असू शकतो.