हरणांची शिकार (नांदेड व लातूर जिल्हे)

बालाघाटच्या पठारावर आणि त्याला लागून असलेल्या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेली, आज कायद्याने पूर्णपणे बंद असलेली शिकार. तिचे मुख्य जनावर काळवीट (अँटिलोप सर्व्हिकॅप्रा), चिंकारा त्याखालोखाल. किनवट-माहूरच्या सागवानी जंगलात चितळ आढळतो, पण मराठवाड्याच्या शिकारीच्या आठवणी माळावरच्या काळविटाभोवतीच गुंफलेल्या आहेत.

काळवीट हे गायी-शेळ्यांच्या बोव्हिडी कुलातले. त्याची पीळदार, वळ्यांची शिंगे आयुष्यभर टिकतात. खऱ्या हरणांची गळतात तशी ती दरवर्षी गळत नाहीत. वयात आलेला नर वरून काळा, पोटाखाली पांढरा. मादी पिवळसर तपकिरी व बहुधा बिनशिंगी. दाट झाडी त्याला मानवत नाही. दूरवर दिसणे आणि वेगाने पळणे, या दोनच गोष्टींवर त्याचा जीव तगतो. म्हणूनच त्याची शिकार झाडाआडून करणे अवघड होते आणि तिच्यासाठी वेगळी विद्या लागत असे.

ती विद्या सर्वाधिक अवगत होती पारध्यांना. फासेपारधी हरणांच्या वाटा हेरून फासांची ओळ मांडत आणि कळप हळूहळू तिकडे वळवत. काही पारधी शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने कळपाजवळ जात. चरणारा बैल पाहून काळवीट बुजत नसे. चित्तापारधी चित्ते पकडून माणसाळवत. पाळीव चित्ता सोडून काळवीट धरण्याचा संस्थानिकांचा शौक कोल्हापुरात विसाव्या शतकातही टिकून होता. रानातला चित्ता मात्र संपला आणि १९५२ मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. ब्रिटिश अमदानीत सबंध जमातींनाच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया पारध्यांवरही पडली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी त्यांच्यावरचा संशय गेला नाही. माळाचे इतके बारीक ज्ञान असलेल्या या समाजाला वनसंरक्षणाच्या कामात मानाची जागा मिळायला हवी होती. तशी ती फार थोड्यांना मिळाली, हे मोठे नुकसान आहे.

सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड-लातूरचा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे व १९८२ मध्ये वेगळा जिल्हा झाला. शिकारीवर बंधने घालणारा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आला. त्याच्या मूळ रूपात काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने मिळण्याची सोय होती; १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद व दंड आहे, आणि फास लावणे, पकडणे, हाकून आणणे किंवा तसा प्रयत्न करणे हेही कायद्याच्या लेखी शिकारच. जमीन गायरान असो, वनखात्याची असो की स्वतःच्या सातबाऱ्यावरची, नियम एकच. मेलेले काळवीट, त्याचे शिंग वा कातडे सापडले तर तेही सरकारी मालमत्ता. अठ्ठेचाळीस तासांत पोलिसांना वा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते.

या पूर्ण बंदीहून अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांची रीत निराळी आहे. तेथे म्यूल डिअर या मोठ्या कानांच्या हरणाची शिकार सामान्य नागरिक सार्वजनिक जमिनीवर करतो. परवाना राज्य सरकार देते, अनेक भागांत परवान्यांची संख्या ठरलेली असते व त्यांची सोडत निघते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीव संवर्धनासाठी जातो. आपल्याकडे लहान गायराने, दाट वस्ती आणि तुटक कळप अशा स्थितीत ही रीत चालणार नाही.

बंदीचा भार शेतकऱ्याच्या अंगावर पडतो, हे मान्य केलेच पाहिजे. मृगात उगवलेल्या सोयाबीनचे कोंब आणि रब्बीतला कोवळा हरभरा कळप एका रात्रीत फस्त करतो. दुबार पेरणीचा खर्च छोट्या खातेदाराला पेलत नाही, म्हणून जागल करावी लागते. ठासणीच्या बंदुकीचा पीकसंरक्षण परवाना शस्त्र अधिनियम १९५९ नुसार मिळू शकतो, पण त्याने हरीण मारण्याचा हक्क मिळत नाही. रोही व रानडुकरांबाबत वनाधिकाऱ्याच्या परवानगीची तरतूद आहे. काळविटाच्या बाबतीत शेतकऱ्याच्या हाती उरते ती नुकसानभरपाई. तिच्यासाठी वनखात्याकडे लगेच अर्ज करून पंचनामा करून घ्यावा.

ज्याला हरणामागे जायची ओढ आहे, त्याने आज दुर्बीण घेऊन जावे. पारध्यांच्या विद्येतला मोठा भाग इथेही लागतो. दिवस उगवताना किंवा कलताना, वारा आपल्या तोंडावर घेत, उभ्या पिकात न शिरता जावे. ओल्या मातीतल्या टोकदार खुरांचा माग पाहावा. एकाच जागी साठलेला लेंड्यांचा ढीग दिसला, तर तो बहुधा एखाद्या नराच्या हद्दीची खूण. तिथे लांबवर बसून राहिले की नर आपसूक येतो. एखाद्या जनावराने उंच उडी घेतली की सारा कळप सावध झाला असे समजावे व पाठलाग करू नये. गवतात एकटे पडलेले पाडस बहुधा अनाथ नसते. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते, म्हणून त्याला हात लावू नये, घरी तर मुळीच आणू नये. फास, जखमी जनावर किंवा विहिरीत पडलेले हरीण आढळल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

काळविटाला आज खरा धोका बंदुकीपेक्षा माळ नाहीसा होण्याचा आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील रेहेकुरी (१९८०) व वाशीमकडील कारंजा-सोहोळ ही राज्यातील काळवीट अभयारण्ये. नांदेड-लातूरचे कळप मात्र गायरान, पडीक रान आणि शेतांच्या बांधांवरच जगतात. कागदोपत्री ‘पडीक’ ठरलेल्या अशा माळावर अतिक्रमण होते, नांगर फिरतो, कधी वृक्षारोपणाचे खड्डेही खणले जातात. कायद्याने जनावर वाचवले. त्याच्या चरण्याच्या जागेला तसे संरक्षण अजून मिळालेले नाही.