काउनिट्झची सात वर्षं आणि कॉम्प्युटरची बेरीज

'युरोपा युनिव्हर्सालिस'सारख्या ऐतिहासिक गेम्सपायी ज्यांनी रविवारच्या रविवार घालवलेत, त्यांना हे नवीन नाही. शेजारच्या राजाला भेटी पाठवायच्या, राजघराण्यात सोयरीक जुळवायची आणि मग हळूच युतीचा प्रस्ताव टाकायचा. २०१३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक देशाचं तुमच्याबद्दलचं मत म्हणजे उणे २०० ते अधिक २०० मधला एक आकडा. प्रस्तावावर माउस नेला की कारणांची यादीच दिसते: संबंध चांगले, इतके अधिक, अंतर लांब, इतके उणे. बेरीज शून्याच्या वर गेली की होकार!

प्रोग्रामर म्हणून मला ही रचना आवडते. साधी आहे, डीबग करता येते आणि नकार का मिळाला तेही कळतं. पण १७५६ सालचा युरोप हिच्यात घालून बघा, सगळं गणित फिसकटतं.

झालं असं. डिसेंबर १७४० मध्ये प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने ऑस्ट्रियाच्या सायलेशियात सैन्य घुसवलं. मारिया तेरेझा नुकतीच गादीवर आली होती आणि सायलेशिया हा तिचा भरपूर महसूल देणारा प्रांत. आठ वर्षांनी, १७४८ च्या तहात, तो प्रशियाकडेच राहिला. ऑस्ट्रियाचा दोस्त इंग्लंड, पण त्यानेच 'सायलेशिया सोडून द्या' म्हणून दबाव आणला होता. फ्रान्स तर अडीचशे वर्षांचा वैरी.

१७४९ मध्ये मारिया तेरेझाने मंत्र्यांकडून पुढच्या धोरणाबद्दल लेखी मतं मागवली. बहुतेकांचं म्हणणं, जुनी दोस्ती चालू ठेवा. त्यांच्यातला सगळ्यात तरुण काउनिट्झ मात्र म्हणाला, आता खरा शत्रू प्रशिया आहे. सायलेशिया परत हवा असेल तर फ्रान्सला प्रशियापासून तोडावं लागेल. पुढे तो स्वतः पॅरिसला राजदूत म्हणून जाऊन आला, १७५३ मध्ये चान्सलर झाला, तरी फ्रान्स काही बधेना.

गाडी हलली ती फ्रेडरिकमुळेच. हॅनोव्हरच्या रक्षणासाठी इंग्लंडने १७५५ मध्ये रशियन फौजा पैसे देऊन उभ्या करायचा करार केला. फ्रेडरिकला रशियाची धास्ती होती. म्हणून १६ जानेवारी १७५६ ला त्याने इंग्लंडशीच वेस्टमिन्स्टरचा करार केला: जर्मनीत परकी फौजा येऊ द्यायच्या नाहीत. फ्रान्स चिडेल, पण ऑस्ट्रियाच्या गळ्यात गळा थोडाच घालणार, असा त्याचा हिशोब. आपल्या दोस्ताने न विचारता आपल्या शत्रूशी हातमिळवणी केली हे पाहून फ्रान्स खवळला आणि १ मे १७५६ ला व्हर्सायला ऑस्ट्रियाशी करार करून मोकळा झाला. एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने २४,००० सैन्य द्यायचं. ऑगस्टअखेर फ्रेडरिक सॅक्सनीत घुसला आणि सप्तवार्षिक युद्ध पेटलं. (आपल्याकडे इंग्रज आणि फ्रेंच वांदिवाशला लढले ते याच युद्धात.)

आता कॉम्प्युटरकडे वळू. अडीचशे वर्षांचं वैर म्हणजे आकडा तळाला, त्यामुळे भेटी पाठवत बसा. हव्या असलेल्या प्रांतांची यादी कॉम्प्युटरकडेही असते म्हणा. पण काउनिट्झने उलट्या बाजूने विचार केला: मला सायलेशिया हवाय, तर त्यासाठी कोण लागेल आणि त्याला काय द्यावं लागेल? म्हणून मला विचाराल तर पहिली सुधारणा ही: युतीचा निर्णय उद्दिष्टापासून मागे काढत यावा. मताचा आकडा राहू दे, पण त्याने फक्त किंमत वाढावी, दार बंद होऊ नये.

दुसरी सुधारणा फ्रेडरिकच्या चुकीतून. त्याने इंग्लंड आणि रशियाचा विचार केला, फ्रान्सचा नीट केला नाही. सही करण्याआधी कॉम्प्युटरने दोस्तांच्या खुर्चीत बसून तो करार एकदा वाचावा. सगळ्या देशांसाठी हे करायचं तर प्रोसेसरचा घाम निघेल, पण दोन-तीन जवळच्या देशांपुरतं सहज जमेल.

इथे खरी अडचण खेळणाऱ्याची आहे. वीस वर्षांचा दोस्त एका रात्रीत उलटला तर आपण 'गेम चीटिंग करतोय' म्हणून बंद करू. हुशार कॉम्प्युटर आणि पटणारा कॉम्प्युटर एकच नसतात. पण व्हर्सायचा करारही एका रात्रीत झाला नव्हता. सप्टेंबर १७५५ पासून मादाम द पाँपादूरच्या मध्यस्थीने गुप्त बोलणी चालू होती. गेमनेही अशा बोलण्यांची कुणकुण आधी लागू द्यावी, म्हणजे आपल्याला दोस्ताची समजूत काढायला वाव राहील.

एवढं करून काउनिट्झला काय मिळालं? जानेवारी १७६२ मध्ये रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ वारली. नवा झार तिसरा पीटर फ्रेडरिकचा भक्त, त्याने लगेच तह केला. १७६३ च्या ह्युबर्टसबर्गच्या तहातही सायलेशिया प्रशियाकडेच! तेव्हा फक्त जिंकण्या-हरण्यावरून कॉम्प्युटरची मुत्सद्देगिरी जोखण्यात अर्थ नाही.

माझी कसोटी साधी आहे. नकाशा १७४९ चा लावावा, सगळे देश कॉम्प्युटरच्या हाती द्यावेत आणि शंभरदा गेम चालवावा. दरवेळी १७५६ घडायला नकोच. पण त्यातल्या निदान काही खेळांत तरी ऑस्ट्रियाचा वकील पॅरिसला जाऊन बसलेला दिसला पाहिजे.