एका राजाची प्रजा, दोन कोर्टे

दिवाळी अंकातला इतिहास म्हटला की गडकिल्ले, मोहिमा आणि तलवारींचा खणखणाट आलाच. मी मात्र आज वाचकांना कोर्टाच्या पायरीवर नेणार आहे. भिण्याचे कारण नाही. कुणावर समन्स निघालेले नाही. प्रश्न एवढाच, की राजाचा कायदा त्याच्या राज्याच्या वेशीपाशी थांबतो, की प्रजाजनाच्या मागोमाग परमुलखातही जातो?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला विलायतेस जावे लागत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापुरास गेले तरी पुरे. जगदंबेच्या देवळामुळे हे गाव पंचक्रोशीत प्रसिद्ध. तालुका केळापूरचा, पण कचेरी पांढरकवड्यास. कानावर मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामीही पडते. दक्षिणेला पैनगंगा, आणि पैलतीरी आदिलाबादचा मुलूख.

दीडशे वर्षांपूर्वी या नदीचे दोन्ही काठ एकाच धन्याचे होते, हैदराबादच्या निझामाचे. परंतु न्याय मात्र दोन. ऐलतीरी इंग्रजी पद्धतीचे कोर्ट, पैलतीरी निझामाची अदालत. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली सिक्का. राजा एक आणि कोर्टे दोन, हा चमत्कार घडला कसा?

सैन्याच्या खर्चापायी निझाम कंपनीचा कर्जदार झाला होता. ते निमित्त करून लॉर्ड डलहौसीने 21 मे 1853 रोजी तह करवून घेतला आणि वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात आले. 1860 च्या तहाने काही मुलूख परत गेला, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, पण वऱ्हाड राहिले ते राहिलेच. मौज अशी, की मालकी निझामाचीच होती. शेत सावकाराकडे गहाण पडावे, सातबारा शेतकऱ्याच्या नावावर राहावा आणि पीक सावकाराने न्यावे, तशातली ही गत.

त्यामुळे वऱ्हाड हे कायद्याच्या काटेकोर भाषेत इंग्रजांना परदेशच. यवतमाळात बसलेला गोरा डेप्युटी कमिशनर नकाशावर हिंदुस्थानच्या मधोमध असे, पण कायद्याने तो परमुलखात असे. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी केलेला कायदा इथे आपोआप लागू होत नसे. तो लागू करण्याचा वेगळा हुकूम काढावा लागे.

अशा परमुलखात आपल्या माणसांचे काय करावे, ही इंग्रजांची जुनी चिंता होती. 1865 मध्ये पार्लमेंटने कायदा करून संस्थानांत राहणाऱ्या राणीच्या ख्रिस्ती प्रजाजनांवर हायकोर्टांची हुकमत चालविण्याची मुभा गव्हर्नर जनरलला दिली. 1879 च्या कायद्याने संस्थानांत गेलेल्या गोऱ्या आणि देशी, दोन्ही ब्रिटिश प्रजाजनांना फौजदारी कायद्याचे बंधन घातले. समुद्रापारही तोच खाक्या. झांझिबारला सुलतानाचे राज्य, पण तिथे व्यापार करणाऱ्या आपल्या कच्छी माणसांचे खटले ब्रिटिश न्यायालयात चालत, आणि अपील येई ते थेट मुंबई हायकोर्टात!

आता एक भेद लक्षात घ्यावा. आपल्या माणसामागे आपला कायदा जाणे निराळे, आणि परक्या भूमीत कोर्ट मांडून तिथल्याच रहिवाशांवर ते चालविणे निराळे. वऱ्हाडात हे दुसरे घडले. केळापूरचा शेतकरी राणीची प्रजा नव्हता. पण राणीच्या नावाने नेमलेल्या न्यायाधीशापुढे हात जोडून तोच उभा राहत होता.

या पसाऱ्याला मर्यादा होती का? एकदा ती दिसली. मुहंमद युसुफुद्दीन हा निझामाचा प्रजाजन. शंकरपल्ली स्टेशनवर त्याला पकडले, ते दूरच्या सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटवर. आरोपाचा रेल्वेशी काडीचा संबंध नव्हता. इंग्रजांचे म्हणणे असे, की रेल्वेच्या जमिनीवरची हुकमत निझामाने आम्हांस दिलेली आहे. 1897 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, की ती हुकमत रेल्वेच्या कामापुरतीच आहे. सबब ही अटक बेकायदा. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. साम्राज्याच्याच सर्वोच्च न्यायासनाने साम्राज्याला सांगितले, की दिले तेवढेच घ्यावे.

पण राजकारणाने हे ऐकले नाही. 5 नोव्हेंबर 1902 रोजी लॉर्ड कर्झनने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. मोबदला सालीना 25 लाख रुपये. निझामाचे सार्वभौमत्व कागदावर पुन्हा मान्य झाले. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले, आणि केळापूरच्या दाव्यांची वाट नागपूरकडे वळली. 1905 मध्ये जुन्या वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. पुढे निझामाने वऱ्हाड परत मागितले, तेव्हा 1926 मध्ये लॉर्ड रीडिंगने बजावले, की बादशाही सत्तेशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा हक्क कोणत्याही संस्थानिकाला नाही. 1936 च्या कराराने निझामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. किताब घरात, मुलूख परक्या हातात.

वऱ्हाडातल्या माणसाला ही कोर्टे निव्वळ जाचाची झाली, असे मी म्हणणार नाही. लेखी कायदा, ठरलेले अपील आणि जमिनीची मोजणी यांचा त्याला उपयोगही झाला. पण 1853, 1902 आणि 1936 या तिन्ही वेळा कागद झाले ते राजे आणि लाटसाहेब यांच्यात. ज्याचा न्याय व्हायचा त्याला कुणी विचारले नाही. माझ्या मते दुखणे इथेच आहे.

1948 मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले, आणि 26 जानेवारी 1950 पासून पैनगंगेच्या दोन्ही काठांवर एकच राज्यघटना आणि एकच सर्वोच्च न्यायालय आले. 1956 च्या पुनर्रचनेत वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्रात. आज तिथे तेलंगण आहे. पूल ओलांडला की पाट्यांची लिपी बदलते, पण नागरिक तोच राहतो.

आपला कायदाही आज परदेशी जातो, बरे का! 1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता भारताबाहेर गुन्हा करणाऱ्या भारतीय नागरिकालाही लागते. दुबईस गेलेला आपला भाचा तिच्यातून सुटत नाही. फरक इतकाच, की हा कायदा त्याच्याच मतावर निवडून आलेल्या संसदेने केलेला आहे. केळापूरच्या शेतकऱ्याला हे भाग्य लाभायला 1853 पासून जवळजवळ शंभर वर्षे वाट पाहावी लागली.