फुलाला झोप लागते तेव्हा

फुलदाणीतली फुले दोन दिवसांत मावळली, की आपण पाण्याला दोष देतो, उन्हाळ्याला देतो, फार तर फुलवाल्याला देतो. हवेला कोणी देत नाही. श्रोतेहो, हा दोष हवेचाही असतो हे माणसाला कळले ते गॅसच्या दिव्यांमुळे.

गेल्या शतकाच्याही आधीची गोष्ट. कोळशापासून काढलेला गॅस नळांतून शहरभर खेळवीत आणि त्यावर रस्त्यांतले दिवे लावीत. आपल्या मुंबईतही असे दिवे १८६५ साली आले. आता नळ म्हटला की तो गळायचाच! अशा गळक्या नळांजवळच्या झाडांचे नुकसान होते, हे जर्मनीत १८६४ सालीच नोंदले गेले होते. पुढे १९०१ साली पीटर्सबर्गला नेल्युबोव्ह या तरुण संशोधकाने पाहिले, की प्रयोगशाळेतले वाटाण्याचे कोंब सरळ वर न जाता आडवेच वाढतात. दिव्याच्या गॅसमधला ‘इथिलीन’ हा वायू त्याने यातला गुन्हेगार म्हणून पकडला.

पण वाटाण्याच्या कोंबाने कुणाचे दिवाळे निघत नाही. शिकागोच्या फुलवाल्यांचे मात्र निघू लागले होते. कार्नेशन हे झालरीसारख्या दातेरी पाकळ्यांचे फूल. शहरात आणून काचघरात ठेवले, की उमललेली फुले मिटत, कळ्या तशाच राहत. व्यापारी म्हणत, फुले ‘झोपली’. क्रॉकर आणि नाइट या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९०८ साली याचा छडा लावला. हवेच्या वीस लाख भागांत इथिलीनचा एकच भाग असला, तरी बारा तासांत उमललेले फूल मिटते, असे त्यांना आढळले. एवढा थोडा वायू नाकाला कुठला कळणार?

खरी गंमत पुढेच आहे. गॅसच्या दिव्यांना नावे ठेवता ठेवता १९३४ साली इंग्लंडात गेन यांनी सिद्ध केले, की पिकणारी सफरचंदे हाच वायू स्वतः तयार करतात. आपल्या अढीतले आंबे एकमेकांना पिकवतात ते याच्याच बळावर. आणि कार्नेशनही म्हातारपणी स्वतःच इथिलीन सोडते. म्हणजे मारेकरी घरातलाच निघाला म्हणा ना!

त्याला आवर घालण्याचा उपाय १९७८ साली हॉलंडमध्ये निघाला. चांदीचा एक क्षार, सिल्व्हर थायोसल्फेट, देठावाटे चढवला की फूल इथिलीनला दाद देत नाही आणि जवळजवळ दुप्पट टिकते. साधे सिल्व्हर नायट्रेट देठातून नीट वर चढत नाही, ही त्यातली मेख होती. मात्र उरलेले चांदीचे पाणी ओतायचे कुठे, ही अडचण राहिलीच.

मला स्वतःला वाणांचा मार्ग अधिक पसंत आहे. ‘विल्यम सिम’ या लाल वाणाच्या कुळातले ‘व्हाइट सिम’ दिसायला देखणे, पण इथिलीनपुढे हळवे. ‘सँड्रा’ म्हातारपणीही इथिलीन फारच थोडे सोडते. ‘चिनेरा’ सोडते, पण त्याला तितकेसे जुमानत नाही. दोघेही टिकाऊ, पण दोघांची तऱ्हा वेगळी. ‘सँड्रा’ला बाहेरचा वायू मात्र बाधतो. पुणे परिसरात पॉलिहाउसमध्ये कार्नेशन घेणाऱ्यांनी वाण निवडताना रंगाइतकीच ही चौकशी करावी.

आमच्या घरी फुलदाणी जेवणाच्या टेबलावर, केळ्यांच्या शेजारीच असे. हे सारे वाचल्यापासून केळी स्वयंपाकघरात गेली आहेत, आणि पाणी रोज बदलून देठ तिरपा कापण्याचे काम मजकडे आले आहे.