रविवारचे पाणबुडे

सुट्टी आली की कोणी पत्त्यांचा डाव मांडतो, कोणी दुपारभर ताणून देतो. इंग्लंडातील पोर्ट्समथजवळची काही हौशी मंडळी मात्र १९६५ सालापासून सुट्टीच्या दिवशी होडीत जमत आणि समुद्रतळीचा चिखल चिवडीत बसत!

पूर्वी पाणबुड्या म्हणजे डोक्यावर जड शिरस्त्राण घातलेला आणि वरून येणाऱ्या हवेच्या नळीला जखडलेला माणूस. १९४३ साली कूस्तो आणि गान्यां या फ्रेंच जोडीने पाठीवर बांधावयाचे श्वसनयंत्र सिद्ध केले आणि हा छंद चारचौघांच्या आटोक्यात आला. ठिकठिकाणी क्लब निघाले. साउथसीच्या अशाच क्लबातील अलेक्झांडर मकी या लेखकाने सोबत्यांना 'मेरी रोज' या जहाजाचे वेड लावले.

हे आठव्या हेन्रीचे लाडके लढाऊ जहाज. १९ जुलै १५४५ रोजी, फ्रेंच आरमार समोर असताना, ते राजाच्या डोळ्यांदेखत बुडाले. शत्रूने वर चढू नये म्हणून ताणलेल्या जाळ्यातच खलाशी अडकले. सुमारे पाचशेंपैकी चाळीसही वाचले नाहीत.

१८३६ मध्ये डीन बंधूंनी तेथून काही तोफा काढल्या होत्या. पुढे ती जागाच विस्मरणात गेली. मकीला १८४१ चा एक नकाशा मिळाला, ध्वनियंत्राने चिखलाखालची आकृती दाखविली. तरी लाकूड काही दिसेना. मंडळी हटली नाहीत. वर्षाला एक पौंड भाड्याने समुद्रतळाचा तो तुकडा घेऊन त्यांनी तो लुटारूंपासून राखला. अखेर ५ मे १९७१ रोजी जहाजाच्या फासळ्या दिसल्या!

मार्गारेट रूल या पुरातत्त्वज्ञ बाई तर या कामासाठी प्रौढ वयात पाण्यात बुडी मारावयास शिकल्या. सुमारे पाचशे स्वयंसेवक पाणबुड्यांनी हजारो बुड्या मारल्या आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी जहाजाचा सांगाडा पाण्यावर आला.

चिखलात हवा शिरली नव्हती, म्हणून आतला संसार टिकला होता: धनुष्ये, वैद्याची पेटी, खेळाचे फासे, केस विंचरावयाच्या फण्या, इतकेच काय, एका कुत्र्याचा सांगाडाही. राजाचे नाव इतिहासाने जपलेच होते. त्या फण्यांच्या मालकांची मात्र कोणी विचारपूस केली नव्हती. सव्वाचारशे वर्षांनी ती केली, कोणी सांगितले नसता आपले रविवार वेचणाऱ्या माणसांनी. हौसेचे मोल यापेक्षा अधिक ते काय असावे?