मुंबईला निघालेले सोने

गोव्यात बोटीवर नोकरी करणाऱ्याला आपण 'तारवटी' म्हणतो. एके काळी विलायत-मुंबई मार्गावरील पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवर गोवेकर वाढपी आणि कोकणातले खलाशी पुष्कळ असत. 'इजिप्त' ही त्यांतलीच एक. १९ मे १९२२ रोजी ती लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून मुंबईला निघाली, तेव्हा तिच्या पोटात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी होते. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, फ्रान्सच्या उशां बेटाजवळ, दाट धुक्यात एका फ्रेंच मालवाहू बोटीची तिला धडक बसली. वीसेक मिनिटांत ती बुडाली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यांत बोटीवरचे नोकरच जास्त होते.

समुद्राचा तळ सुमारे चारशे फूट खोल, थंडगार आणि काळोखा. तिथला पाण्याचा दाब साध्या पोशाखातील पाणबुड्याला काम करू देत नाही. तरी १९३० च्या ऑगस्टमध्ये 'आर्तिल्यो' जहाजावरील इटालियन पाणबुड्यांनी बोट हुडकून काढली. अल्बेर्तो जान्नी हे त्यांचे प्रमुख. पाणबुड्या काचेच्या खिडक्या असलेल्या पोलादी कोठडीत बसून खाली जाई. आत दाब जमिनीवरच्यासारखाच. पण हात मात्र बाहेर काढता येत नसे. तो टेलिफोनवरून सांगे, त्याप्रमाणे वरची माणसे सुरुंग आणि लोखंडी पंजा खाली सोडीत.

त्याच वर्षी ७ डिसेंबरला, दारूगोळ्याने भरलेले दुसरे एक बुडालेले जहाज फोडताना प्रचंड स्फोट झाला. 'आर्तिल्यो' बुडाले, जान्नी आणि त्यांचे सोबती गेले. उरलेल्यांनी दुसरे जहाज घेतले, आणि २२ जून १९३२ रोजी सोन्याच्या पहिल्या विटा वर आल्या. १९३५ पर्यंत बहुतेक खजिना निघाला. मुंबईला मात्र तो आला नाही. विमेवाले आणि काढणारे यांच्यात वाटला गेला.

सोन्याचा हिशेब तोळ्यातोळ्याने लागला. माणसांचे काय? बोट बुडताच तिकडच्या वर्तमानपत्रांनी हिंदी खलाशांच्या घबराटीवर खापर फोडले. चौकशीत मात्र, जीवरक्षक होड्या उतरवण्याची कवायत नीट घेतली नव्हती, असा ठपका खुद्द कप्तानावर आला. आरोप मोठ्या अक्षरांत छापला जातो. त्याचे उत्तर कुणी वाचत नाही.

आपल्यापैकी कुणाच्या घरी पणजोबांचे जुने जहाजी पुस्तक पेटीत पडून असेल, तर गणपतीला सगळे जमतील तेव्हा ते बाहेर काढावे आणि त्यावरचे नाव मुलांना वाचून दाखवावे, एवढीच आमची विनंती.